बंगला पाचगावला, शाळा ताराबाई पार्कात

समजा, कोल्हापुरात घर घ्यायचंय आणि हातात ६० लाखांचं बजेट आहे. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी या बाजूला या पैशात अंगण असलेलं रो-हाउस दिसतंय. वर गच्ची, दारात चारचाकी लावायला जागा, आजीआजोबांना तळमजल्यावर खोली. याच पैशात ताराबाई पार्क, टाकाळा किंवा राजारामपुरीत दोन बेडरूमचा जुना फ्लॅट मिळतोय, लिफ्ट कधी चालू कधी बंद, पण पोरं शाळेला चालत जातील. घरात दोन पक्ष पडतात. मग कोणीतरी मोबाइलवर वाचलेलं सांगतं, "आधी शाळा बघायची, मग घर."

हा सल्ला मुळात आपल्याकडचा नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते. रस्त्याच्या या बाजूला घर असेल तर ही शाळा, त्या बाजूला असेल तर ती. त्यामुळे तिथं घराच्या किमतीतच शाळा विकत मिळते. कोल्हापुरात तसं काही नाही. कागलहून, शिरोलीहून, हुपरीहून रोज मुलं शहरातल्या शाळांत येतात आणि त्यांच्या आईबापांना कोणी वॉर्ड विचारत नाही. इथं शाळेजवळ घर घेऊन तुम्ही शाळा विकत घेत नाही, फक्त अंतर कमी करून घेता. प्रवेश मिळेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि तो घराच्या व्यवहाराआधी सोडवायचा असतो.

पत्त्याला खरंच किंमत आहे अशा जागा मोजक्याच आहेत. पहिली म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालचे २५ टक्के प्रवेश. त्यात घरापासून १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी, मग १ ते ३ किलोमीटरवाल्यांना. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं, पण अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित गटांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे कर्ज काढून घर घेणारी काही कुटुंबंही यात बसू शकतात आणि त्यांना ते माहीत नसतं. अर्जात जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात. घराचं ठिकाण नकाशावर स्वतः टाचायचं असतं, आणि नेमकी इथंच गफलत होते. टाचणी एक चौक पलीकडे बसते, कागदावरचा पत्ता आणि नकाशा जुळत नाही, आणि पडताळणीत सोडतीत लागलेला नंबर जातो. भाड्याचं घर चालतं, पण करार नोंदणीकृत हवा. नोटरीचा कागद उपयोगाचा नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना शेवटी कळते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही २५ टक्क्यांची तरतूद लागू नाही. बऱ्याच कॉन्व्हेंट शाळा अशा संस्थांच्या असतात. अशा शाळेच्या भिंतीला लागून घर घेतलं तरी या वाटेनं प्रवेश नाही.

दुसरी जागा जरा गमतीची आहे, कारण तिथं शहराबाहेरचा पत्ता फायद्याचा ठरतो. कागलच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला परीक्षेनं प्रवेश होतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ग्रामीण कोण, हे घरावरून नव्हे तर शाळेवरून ठरतं. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत. कोल्हापूर महापालिका १९७२ ला झाली आणि तेव्हापासून हद्दवाढीची नुसती चर्चाच ऐकत आलोय. हद्दीला चिकटलेल्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा म्हणूनच अजून ग्रामीण धरली जाते. ज्यांच्या डोक्यात नवोदय आहे त्यांनी मुलाला तिसरीत शहरातल्या शाळेत हलवण्याआधी हा नियम दोनदा वाचावा.

एवढं सोडलं तर उरतं ते अंतर. अंतराचा हिशोब मांडता येतो, आणि तो मांडल्यावर घरातली भांडणं निम्मी होतात.

शाळेजवळचा फ्लॅट आणि लांबचं घर यांत १५ लाखांचा फरक आहे असं धरू. २० वर्षांच्या कर्जाला ८.५ टक्के व्याजानं दर लाखाला महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे १५ लाखांचा हप्ता १३,००० रुपये. आता दुसरी बाजू. लांब राहिलात तर दोन मुलांची स्कूल बस किंवा रिक्षामामा. डोई १,५०० धरले आणि वर्षाचे ११ महिने मोजले तर ३३,०००, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजार. रुपयांत बघितलं तर लांबचं घर स्वस्त पडतं, आणि थोडंथोडकं नाही, महिन्याला दहा हजारांनी.

महाग पडतात ते तास. गाडीत सगळ्यात आधी बसणारं आणि सगळ्यात शेवटी उतरणारं पोर ४० मिनिटं जाताना, ४० मिनिटं येताना गाडीतच असतं. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरावी लागते. २२० दिवस धरले तर एका मुलाचे वर्षाला २९० तासांहून जास्त वेळ नुसता प्रवासात जातो. दोघांचे मिळून ५८६. वर्षाचे जादा सव्वा लाख रुपये भागिले हे तास केलं तर ताशी २१० रुपये येतात. हा आकडा समोर ठेवून नवराबायकोनं एकमेकांना विचारावं, पोरांचा एक तास वाचवायला आपण २१० रुपये देऊ का? काही घरांत उत्तर लगेच "हो" येतं. काही घरांत "त्या पैशात आजी खाली तळमजल्यावर राहील" असं येतं. दोन्ही उत्तरं खरी आहेत.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. १३,००० च्या हप्त्यातला सगळा पैसा बुडीत नसतो. पहिल्या वर्षी त्यातले महिन्याला साधारण साडेदहा हजार व्याजाचे आणि अडीच हजार मुद्दलाचे असतात. मुद्दल घरात राहतं, व्याज जातं. जुन्या फ्लॅटमध्ये भिंतींची किंमत दरवर्षी उतरते आणि जमिनीतला तुमचा हिस्सा तेवढा टिकतो, तेव्हा पंचवीस वर्षं जुन्या इमारतीत सोसायटीच्या नावावर जमीन झालीय का, म्हणजे कन्व्हेयन्स झालाय का, हे विचारल्याशिवाय "पैसा कुठं जातोय, घरातच आहे" असं म्हणू नये.

आणि बसऐवजी आईवडीलच सोडणार असतील तर चित्र बदलतं. ७ किलोमीटर अंतर, सकाळी सोडून परत, दुपारी आणायला जाऊन परत, अशा चार खेपा. दिवसाला २८ किलोमीटर, वर्षाला ६,१६०. पेट्रोलचं सोडा, ते चौदा-पंधरा हजारांत भागतं. पण एका खेपेला २५ मिनिटं धरली तरी वर्षाला ३६७ तास होतात, म्हणजे आठ तासांचे ४६ दिवस. हे बहुतेक घरांत आईच्या खात्यावर पडतात आणि हिशोबात कधीच येत नाहीत. घराच्या खोल्या मोजताना हे ४६ दिवस कोण देणार, त्याचं नाव कागदावर लिहा.

वेळही दोन वेगळ्या ऋतूंत मोजायला हवी. रविवारी दुपारी एजंटबरोबर साइट बघायला गेलात तर पाचगावहून सायबर चौक दहा-बारा मिनिटांत येतो आणि एजंट तोच आकडा सांगत राहतो. जुलैतल्या मंगळवारी सकाळी, पावसात, शाळेच्या वेळेलाच दुचाकीवरून जाऊन बघा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत असा राज्य सरकारचा २०२४ चा आदेश आहे, पण त्यामुळे मोठ्याची शाळा सातला आणि धाकट्याची नऊला असं होतं. दोन मुलं, दोन खेपा. शाळेत विचारताना दोघांच्या वर्गाच्या वेळा वेगवेगळ्या विचारा.

आता पाणी. कोल्हापुरात घर आणि शाळा यांचा विचार पंचगंगेला बाजूला ठेवून होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, बापट कॅम्प हे भाग पाण्यात होते. यातले काही शाळांना अगदी जवळ आहेत, आणि म्हणूनच तिथला एखादा फ्लॅट "लोकेशनच्या मानानं स्वस्त" वाटतो. स्वस्त का आहे ते विचारा. पाचगाव उंचावर आहे, तिथं पुराची भीती नाही. उलट शिरोली, वडणगे, आंबेवाडी नदीपलीकडे येतात. तिथं घर कोरडं राहिलं तरी पूल आणि हायवे बंद झाल्यावर शाळा आपोआप बंद.

पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात बांधकामाला बंदी असते, निळी ते लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी. पण कागदापेक्षा भिंत लवकर बोलते. पार्किंगमध्ये उभं राहून मीटरचा बोर्ड बघा. तो पुरुषभर उंचीच्याही वर नव्यानं बसवलेला असेल आणि खाली जुन्या बोर्डाच्या खिळ्यांची भोकं लिंपलेली दिसत असतील तर काय झालं ते कळतं. लिफ्टच्या खड्ड्यात डोकावा, कंपाउंडच्या भिंतीवर आडवी फिकी रेघ आहे का बघा. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "एकवीसला पाणी कुठंवर आल्तं?" तो दुकानाच्या कितव्या पायरीला लागलं होतं ते बोट ठेवून दाखवतो. बिल्डरचा माणूस असं बोट ठेवणार नाही.

शाळेची पारख करताना लोक बोर्डाकडे बघतात आणि थांबतात. बोर्डावर "सीबीएसई पॅटर्न" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ सीबीएसई संलग्न असा होत नाही. पॅटर्न हा शब्द कोणालाही लिहिता येतो. संलग्न शाळेला संलग्नता क्रमांक असतो, तो कितवीपर्यंत आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे हे मंडळाच्या संकेतस्थळावर दिसतं, आणि अशा शाळेनं सक्तीची माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायची असते. संलग्नता नसलेल्या शाळेतली मुलं नववी-दहावीला दुसऱ्याच शाळेच्या पटावर दाखवली जातात, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात. दहा वर्षं कर्ज फेडत त्या शाळेजवळ राहिल्यावर हे कळून उपयोग नाही. राज्य मंडळाची असो वा केंद्राची, प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. तो मागा. त्यावरून शिक्षक किती, वर्ग कितवीपर्यंत, पट किती हे बघता येतं. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मागे एक, हे कायद्याचं प्रमाण आहे.

"कितवीपर्यंत" हा प्रश्न तर सगळ्यात आधी. घराजवळची गोंडस शाळा चौथीला संपत असेल तर जवळ राहण्याचा फायदा चार वर्षांचा, आणि हप्ते वीस वर्षांचे.

"दहावीचा निकाल १०० टक्के" या फलकावर फार जाऊ नका. आठवीत किती मुलं होती आणि दहावीला किती बसली, एवढे दोनच आकडे विचारा. मधल्या गळतीत कच्ची मुलं दाखला देऊन बाहेर काढलेली असू शकतात. दुसरा प्रश्न शिक्षकांचा. पाच वर्षांहून जास्त काळ टिकलेले वर्गशिक्षक किती? दर जूनला नवा चेहरा दिसत असेल तर इमारत कितीही चकचकीत असो, तिथं पगार वेळेवर होतात का ते बाहेर चौकशी करून बघा. आणि फी. ६०,००० फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत एका मुलामागे सव्वाअकरा लाखांच्या वर जाते, दोघांचे पावणेतेवीस लाख. बजेट ६० लाख म्हणताना हे धरलेलं नसतं, आणि मग नववीच्या वर्षी हप्ता आणि फी एकदम अंगावर येतात.

चांगली शाळा म्हणजे महाग भाग आणि महाग फी, हे गणित कोल्हापुरात सरळ बसतही नाही. जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत पाडव्याला प्रवेश घ्यायला पालकांच्या रांगा लागतात. फुकट शिकवणारी शाळा, आणि रांग! ज्या संस्थानात १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं तिथं याचं फार नवल वाटू नये, पण घर शोधताना सरकारी शाळांची यादीच कोणी काढत नाही. घराच्या दीड किलोमीटरच्या टापूत महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या, अनुदानित अशा सगळ्या शाळा उतरवून काढा. त्यात एखादी मनासारखी निघाली तर लांबच्या घराची मुख्य अडचणच संपते.

क्रम महत्त्वाचा. आधी प्रवेश, मग घर. नावाजलेल्या शाळांत जागा भरतात त्या नर्सरी किंवा छोट्या गटाला. नंतर कोणी सोडून गेलं तरच जागा. राज्यात पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण धरतात, केंद्रीय विद्यालयांत ३१ मार्चची तारीख आहे, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरचं मूल कोणत्या शाळेत कोणत्या वर्षी बसतं तेही बदलतं. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख आणि आधी किती मुदतवाढी घेतल्या ते बघा. बिल्डर "जूनला ताबा" म्हणतो, शाळा १५ जूनला उघडते, ताबा दिवाळीनंतर मिळतो, आणि तोवर भाडं, हप्ता आणि लांबची खेप तिन्ही चालू.

रोख किती लागेल त्याचाही अंदाज घ्या. ६० लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे १२ लाख आपले. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, ३ लाख ६० हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. नोंदणी फी ३०,०००. बांधकाम सुरू असलेल्या घराला ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला शून्य. हे सगळे मिळून खिशातून जवळजवळ १९ लाख. यात फर्निचर नाही. ४५ लाखांच्या आत आणि ९० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आत असेल तर जीएसटी १ टक्का.

तिसरी वाट मात्र लोक हिशोबात धरतच नाहीत. शाळेजवळ भाड्यानं राहायचं आणि घर नंतर, हवं तसं. ६० लाखांच्या फ्लॅटचं भाडं समजा १४,००० आहे. त्याच फ्लॅटच्या ४८ लाखांच्या कर्जाचा हप्ता येतो जवळजवळ ४१,७००. फरक २७,००० च्या वर. हा फरक खरोखर बाजूला पडणार असेल तरच हे गणित चालतं. हॉटेल आणि नव्या गाडीत गेला तर नाही. मूल दहावी झालं की अकरावीला ते शहराच्या कुठल्याही टोकाच्या कॉलेजात नाहीतर पुण्याला जातं. शाळेचं बंधन दहा वर्षांचं असतं. ज्यांना अंगणातच राहायचं आहे त्यांनी प्लॉट आता घेऊन बांधकाम नंतर करावं. फक्त प्लॉट बिगरशेती असल्याचा कागद, मंजूर ले-आउट, मालकी कोणाकडून कोणाकडे आली याचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि शहराबाहेर विकास प्राधिकरणाखाली असलेल्या ४२ गावांत असेल तर त्या प्राधिकरणाची परवानगी बघूनच. सातबाऱ्यावर दहा जणांत तुमचे दोन गुंठे असा व्यवहार कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. प्लॉटच्या कर्जात बँक अनेकदा ठरावीक वर्षांत बांधण्याची अट घालते, ती वाचा. भाड्याचा ११ महिन्यांचा करार नोंदवून घ्या. ती जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, पण गरज तुमची आहे.

मध्येच घर बदललं तर मुलाची शाळाही बदलावी लागेल का, हा प्रश्न दरवेळी येतो. बदल करायचाच असेल तर पहिलीच्या आधी, पाचवीला किंवा आठवीला. नववी-दहावीत बोर्ड बदलणं टाळावं. तोपर्यंत नव्या घरातून जुन्या शाळेची खेप किती मिनिटांची, ते आधी मोजून ठेवलेलं असलं म्हणजे झालं.

टोकन देण्याआधी तीन सकाळी ती खेप करा, एक तरी पावसाची. बरोबर शाळेत जाणारं पोर घ्या, दप्तरासकट. आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम कोणत्याही बिल्डरला घेता येत नाही, तेव्हा "आज पन्नास टक्के भरा, उद्या रेट वाढतोय, हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय" असं कोणी म्हणालं की चहा पिऊन उठायचं.